वाजला तरी उचलायचा नाही

वीज येईपर्यंत सांगतो. मेणबत्ती जरा इकडे सरकवा. आणि घाबरू नका, यात घाबरण्यासारखं फार काही नाही. थोडं आहे.

मी सरकारी गाडीवर ड्रायव्हर होतो. शाळा चौथीपर्यंत. दिल्लीत आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये माझा आणि गिरिजाचा सगळा संसार झाला. आमची हेमांगी तिथेच वाढली आणि लग्न होऊन जयंतबरोबर टोरांटोला गेली. त्या काळी परदेशी फोन म्हणजे घड्याळाकडे बघत बोलायचं. म्हणून गिरिजाने एक नियम काढला. रविवारी सकाळी हेमांगीने फोन लावायचा, दोनदा वाजू द्यायचा आणि ठेवून द्यायचा. दोनदा वाजला म्हणजे सगळं ठीक. आपण उचलायचा नाही. उचलला की पोरीला बिल.

रविवारी गिरिजा आंघोळ करून, दाताखाली लवंग धरून त्या लाल फोनजवळ बसायची. तो वाजायला लागला की त्याच्यावर तळहात ठेवायची, लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा. वाजणं थांबलं तरी हात तिथेच. मोठी बोलकी बाई हो! पण लेकीशी बोलणं व्हायचं सणावारी, तेही घाईघाईत. "एकदा पोटभर बोलणार आहे मी तिच्याशी," म्हणायची. ते राहूनच गेलं. ती गेली.

पुढे मी रिटायर झालो. क्वार्टर सोडावं लागलं. दिल्लीच्या टोकाला द्वारका नावाची नवी वस्ती उठत होती, तिथे सोसायटीत आमचा फ्लॅट होता. टेम्पोत सामान चढवलं आणि रिकाम्या खोलीत उभा राहून मी हळूच म्हटलं, "चल गं. आता तिकडे राहायचं." कुणी ऐकलं नसेल. फोनची लाइन कापली होती, नवी मिळायला वेळ लागणार होता. पण फोन मी टेम्पोवाल्याच्या हाती दिला नाही. मांडीवर घेऊन बसलो.

नव्या घरी फोन हॉलमध्ये स्टुलावर ठेवला. वायर गुंडाळून त्याच्याभोवती. अख्ख्या इमारतीत माणसं राहत होती ती दोनच घरांत. वर मी, खाली अण्णासाहेब, पुण्याकडचे, मंत्रालयातून निवृत्त झालेले, कायम त्याच एका विटक्या स्वेटरात. बाकी सगळे फ्लॅट बंद. संध्याकाळी वारा सुटला की रिकाम्या खोल्यांतून घुमायचा, आणि जिन्यात कायम ओल्या सिमेंटचा वास.

मी एकदा अण्णासाहेबांना म्हटलं, "इथे जरा भीती वाटते हो."

"कसली? भुताची?" ते हसले. "विश्वनाथराव, या सेक्टरात भूतसुद्धा येणार नाही. बस नाही, रिक्षा नाही. येईल कशानं बिचारं?"

मला भीती भुताची नव्हती. हेमांगीचे दिवस भरत आले होते. आधीचं एक पोटातच गेलं होतं, त्या वेळी आई होती धीर द्यायला. आता आई नाही, आणि बापाकडे फोन नाही. सर्वात जवळचा बूथ पालमला. दोन दिवसांआड तिथे जाऊन फोन करायचो. शेवटच्या खेपेला जयंत म्हणाला, "बाबा, तिला आज दवाखान्यात ठेवतोय. बीपी वाढलंय." दवाखान्याचा नंबर दिला आणि म्हणाला, "काळजी करू नका." आवाजात त्याच्याच काळजी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर बाहेर जग नाही. दिल्लीचं जानेवारीतलं धुकं. गच्चीचा कठडा दिसेना. खाली उतरून चार पावलं चाललो आणि आपलीच इमारत मला सापडेना. परत आलो. वीज नव्हती. चहा ठेवला आणि देवापुढे बसावं तसा उगाच त्या मुक्या फोनसमोर बसलो. आवाज एकच, स्टोव्हचा. मग तोही बंद केला.

आणि फोन वाजला.

एकदा… दोनदा… थांबला.

मी हललो नाही. हातातला चहा तसाच. धुकं खिडकीला लागून उभं होतं, कुणी आत डोकावावं तसं. मग परत वाजला. एकदा… दोनदा… आणि गप्प.

वायर फोनभोवती तशीच गुंडाळलेली होती. तिचं टोक स्टुलावरून खाली लोंबत होतं, तांब्याच्या दोन तारा उघड्या.

मग मी उठलो आणि फोनवर तळहात ठेवला. गरम होता. गारठ्यात माझी बोटं आखडलेली, आणि तो गरम, खूप वेळ कुणी कानाला लावून बसावं तसा. रिसीव्हर उचलला. आत काही नाही. पण बोलायच्या बाजूला दमटपणा होता, श्वासाचा. आणि वास… लवंगेचा.

तेवढ्यात जिन्यातून आरोळी आली. "विश्वनाथराव! अभिनंदन! लागला की तुमचा फोन! आता चहाच्या बदल्यात एक कॉल आमचाही!" अण्णासाहेब मफलर गुंडाळत आत आले. मी वायरीचं टोक उचलून दाखवलं.

त्यांनी टोक बघितलं. माझ्याकडे बघितलं. "मी… दोनदा ऐकला," म्हणाले. "आणि परत दोनदा." मग खुर्चीत बसले आणि माझा गार झालेला चहा पिऊन टाकला.

दुपारी धुकं थोडं विरलं. तिकडे सकाळ होईल असा अंदाज धरून अण्णासाहेबांच्या स्कूटरवर आम्ही पालमला गेलो. बूथवाल्याने नंबर लावून दिला. जयंतने उचलला आणि ओरडलाच. "बाबा! मुलगी झाली! दोघी छान आहेत!"

दोघी. एकीसाठी दोनदा, दुसरीसाठी दोनदा. मी बूथच्या काचेतून बाहेर बघितलं. बाहेर अण्णासाहेब हातानेच विचारत होते, काय, काय? मी हात जोडून दाखवले, तर त्यांना भलतंच वाटून ते रडायलाच लागले. मग अंगठा वर केला.

हेमांगी फोनवर आली. आवाज दमलेला, पण हसरा.

"बाबा, एक सांगू? जयंत मला वेडी म्हणतो."

"सांग."

"रात्री कळा फार वाढल्या ना, तेव्हा पलंगाजवळचा फोन वाजला. मी उचलला…" ती थांबली. "आई होती."

मी रिसीव्हर कानाला आणखी घट्ट दाबला.

"कितीतरी वेळ बोलली, बाबा. अण्णाकाकांच्या स्वेटरपासून तुमच्या करपलेल्या खिचडीपर्यंत. मी हसत होते, कळा देत होते, परत हसत होते. नर्स म्हणाली, अशी बाळंतीण पाहिली नाही. मी म्हटलं, आई, बिल येईल गं. तर म्हणाली, आता उचलत जा बिनधास्त. आता कसलं बिल!"

अण्णासाहेबांना हेमांगी कधी भेटली नव्हती. त्यांचा स्वेटर तिला कुठून ठाऊक असणार?

होळीच्या सुमारास लाइन जोडायला माणूस आला. खाली खांबाचं काम उरलं होतं. आधी वर येऊन त्याने फोनची वायर भिंतीतल्या तारेला जोडली आणि सवयीने रिसीव्हर कानाला लावला. लावून तसाच उभा राहिला. मग अलगद, आवाज न करता, रिसीव्हर खाली ठेवला.

"बाबूजी, लाइन पर कोई है. एक औरत बात कर रही है." घसा खाकरून म्हणाला, "पर… खंबे से तो अभी मैंने जोड़ा ही नहीं."

"क्या बोल रही है?"

"आपकी बोली में. पहले हँस रही थी. फिर एकदम धीरे से बोली…" आठवून आठवून त्याने म्हटलं, "'थांब… कोणीतरी ऐकतंय.' इसका मतलब क्या हुआ, बाबूजी?"

मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"मतलब, बैठो," म्हटलं. "चाय पियो. उसको टाइम लगेगा."