मुकी उतरली कुठे?

"गोट्या, नीट मर ना जरा," ठिणगी वैतागून म्हणाली.

"मरतोच आहे. पाठीत काहीतरी टोचतंय, त्यामुळे मरण्यात लक्ष लागत नाहीये," कातरणाच्या पोत्यावर आडवा पडलेला गोट्या म्हणाला.

छापखान्याच्या मागच्या गोदामात कापलेल्या कागदाच्या पट्ट्यांनी भरलेली पोती रचून ठेवली होती. उड्या मारायला याहून झकास जागा दुसरी नव्हती. सुट्टी लागल्यापासून ठिणगी, तिची धाकटी बहीण आणि मावसभाऊ गोट्या तिथेच पडीक असायचे. गोट्याची आई, म्हणजे ठिणगीची मावशी, याच छापखान्यात पुस्तकांची पानं जुळवायचं काम करायची. धाकटीचं खरं नाव घरातलेसुद्धा विसरत चालले होते. बोलण्याआधी 'एक मिनिट' म्हणायची तिला इतकी सवय होती, की सगळे तिला एकमिनिटच म्हणायचे.

आज त्यांच्याकडे अशी एक गोष्ट होती, की हात धुऊन, पुसून, पुन्हा एकदा पुसूनच तिला हात लावायचा असं ठरलं होतं. 'राखवाट'च्या शेवटच्या भागाची प्रुफं, म्हणजे छपाईआधी तपासायला काढलेली पानं! छापखान्याबाहेर अजून जगात कुणी वाचली नव्हती ती.

'राखवाट' म्हणजे मांगा. उजवीकडून डावीकडे वाचायची, काळ्या शाईत काढलेली चित्रकथा. तिच्या जगात आकाश एकदा पेटलं आणि विझलं, तेव्हापासून राख पडतेच आहे. शहरं तिसऱ्या मजल्यापर्यंत राखेत बुडाली आहेत. माणसं गच्च्यांवर राहतात आणि तोंडाला रुमाल बांधून फिरतात. लोखंड सगळं सडून गेलं, त्यामुळे तलवार नाही, बंदूक नाही. उरली ती फक्त हातापायांची विद्या. त्या विद्येतली शेवटची शिष्या म्हणजे मुकी. ती एक अक्षर बोलत नाही, पण तिचं पाऊल पडलं की पानभर शांतता पसरते. आणि तिच्यासमोर गंज. लोखंडी मुखवट्याचा, डोंगराएवढा गंज. शेवटची विहीर त्याने अडवून ठेवलेली.

हे सगळं एकट्या बाईंनी काढलं होतं. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. ठिणगी जन्मली नव्हती तेव्हापासून बाई ही एकच गोष्ट काढत आल्या होत्या. आता त्यांचे डोळे गेले होते जवळजवळ. शेवटचं पान पुरं करून त्या थेट दवाखान्यात डोळ्यांच्या ऑपरेशनला गेल्या. जाताना मावशीला म्हणाल्या होत्या, "पट्टी सुटली की पहिल्यांदा मला पुस्तक बघायचंय. तुझं तोंड नंतर बघीन."

आणि त्या पुस्तकात मुकीने गंजला मारून टाकलं होतं.

तसंच दिसत होतं. एका पानावर मुकी हवेत झेपावलेली, उजवी मूठ पुढे, डावा पाय पोटाशी, अंग वळलेलं. खाली मान वर करून बघणारा गंज. पान उलटलं की मुकी विहिरीच्या काठावर शांत बसलेली. समोर राखेत पडलेला नुसता मुखवटा. गोष्ट संपली.

गोट्या मघापासून तीच मारामारी करून बघत होता खरा, पण त्याचं तोंड उतरलेलं होतं. "ती असं करणार नाही यार," तो पोत्यावरूनच म्हणाला. "तिने आजपर्यंत कुणालाच मारलं नाहीये. गंज कितीही वाईट असला तरी."

"एक मिनिट," एकमिनिट म्हणाली. ती प्रुफांवर जवळजवळ पालथी पडली होती. "ती उतरली कुठे?"

"म्हणजे?"

"उडी मारली ना तिने? मग उतरली कुठे? बाई नेहमी उतरताना दाखवतात. प्रत्येक वेळी. पाय कुठे टेकला, राख कशी उडाली, सगळं."

ठिणगीने एकदम मान वर केली. खरंच की. बाई एक वेळ चेहरा काढणार नाहीत, पण पाऊल टेकलेलं काढल्याशिवाय राहणार नाहीत. तिने चप्पल भिरकावली, पोत्यांच्या ढिगावर चढली आणि चित्रातल्यासारखं अंग वळवून उडी मारली. खाली आली ती भिंतीकडे तोंड करून, डाव्या पायावर. पुन्हा मारली. पुन्हा भिंत. गोट्यानेही मारून पाहिली, तो पायावर उतरलाच नाही, पण त्याचंही तोंड भिंतीकडेच होतं.

"आणि बसली आहे ती उलट, या बाजूला तोंड करून," ठिणगी धापा टाकत म्हणाली. "गळ्यातला रुमालही गेलाय. या दोन पानांच्या मध्ये काहीतरी घडलंय. मध्ये एक पान आहे. आपल्याकडे नाही ते."

तिघं धावत मावशीच्या टेबलाशी गेली. मावशीने सगळं ऐकून घेतलं. तिने दोन्ही पानं शेजारी ठेवून भिंग लावून बघितलं, आणि तिचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"बाई पानांवर आकडे घालत नाहीत," ती म्हणाली. "लढत आपला क्रम आपणच सांगते, असं त्यांचं म्हणणं. आकडे मॅनेजरसाहेबांनी नंतर मारले, त्यामुळे एखादं पान कमी पडलं तरी कळायचं नाही. आणि जेवणाची सुट्टी संपली की छपाईचं मशीन सुरू होणार."

"मग बाईंनाच विचार ना, आई," गोट्या म्हणाला.

"विचारलं तर त्या डोळ्यांवरची पट्टी ओढून तशाच चालत येतील. डॉक्टरांनी मान हलवायलासुद्धा बंदी केलीय. मी साहेबांशी बोलते. पण नुसत्या उडीवर ते मशीन थांबवायचे नाहीत, पान हातात हवं."

"तू मशीनपाशी थांब. पान आम्ही आणतो," ठिणगी म्हणाली. कुठून, ते तिलाही माहीत नव्हतं.

पण एवढं तरी कळत होतं, की बाईंनी पाठवलेलं पानांचं पुडकं जिथे उघडलं तिथे आधी जायचं. पुडकं उघडलं होतं कटरमामांनी. कटरमामा म्हणजे कागद कापायच्या मशीनवरचे मामा. ते डबा खात बसले होते.

"पान? पान कसं हरवेल माझ्याकडून?" मामा म्हणाले. "पुडक्याच्या वर जाड कोरा कागद, खाली जाड कोरा कागद, मध्ये पानं. बाई नेहमी तसंच बांधतात, पानं दुमडू नयेत म्हणून. या वेळी मध्येही एक कोरा होता. जरा मळकाच. तिन्ही बाजूला काढले."

"मध्ये कोरा कशाला असेल?" ठिणगीने हळूच विचारलं.

मामांचा घास हातातच राहिला. "हां. ते काही मी विचारलं नाही."

"कुठेय तो?"

"साहेबांच्या खिडकीला. दुपारी ऊन थेट टकलावर येतं म्हणाले. चांगला जाड होता, टाकवेना. मीच चिकटवून दिला."

मॅनेजरकाकांच्या केबिनमध्ये खिडकीला खरंच एक मोठा कागद चिकटवला होता. ठिपके ठिपके पडलेला. ठिणगी त्याच्याकडे दोन पावलं गेली मात्र, काकांनी टेबलावर पट्टी आपटली.

"हात लावायचा नाही. ऊन येतं."

"काका, ते 'राखवाट'चं पान आहे. मुकी त्यात उतरलीय."

"मी वाचलंय ते पुस्तक. आधी ती मुकी विहिरीवर बसते, मग उडी मारते, मग मारामारी होते. कसलं पान हरवलंय?"

"काका," गोट्या दबक्या आवाजात म्हणाला, "ते उजवीकडून वाचायचं असतं."

काकांनी पुन्हा पट्टी आपटली. मग जास्तच जोरात म्हणाले, "कुठूनही वाचा. उडी मारली, बसली. त्यात काय उतरायचंय? तरुणपणी मी कुस्ती खेळलोय. मला शिकवू नका."

बाहेर मामांनी डबा बंद केल्याचा आवाज आला. सुट्टी संपत आली होती. ठिणगीने कागदाकडे पाहिलं. कागद ओढून पळावं? फाटला तर? तिने प्रूफ पुढे धरलं आणि चेहरा अगदी साधा केला.

"मग काका, ही उडी कशी मारून बसायचं ते दाखवता का? आम्हाला जमतच नाहीये. पण राहू दे, तुम्हाला गुडघ्याचा त्रास असेल."

"कसला त्रास?" काका उठलेच. पायातले बूट काढले, खुर्चीशेजारच्या स्टुलावर चढले. "मूठ पुढे. पाय पोटाशी. अंग असं. बरोबर?"

"आणखी थोडं वळा. हां."

काकांनी उडी मारली. केबिन हादरली. ते डाव्या पायावर आले, दोनदा लंगडले आणि भिंतीऐवजी समोर खिडकी असल्यामुळे दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरून थांबले. नाक कागदापासून चिमूटभर लांब. सगळे तोंड दाबून हसणार एवढ्यात लक्षात आलं, की काका वळतच नाहीयेत.

"इथे माणसं आहेत," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

तिघं जवळ गेली.

कागदावर ठिपके नव्हते. राख होती ती. एकेक कण काढलेला, कुठला गोल, कुठला तुटका, कुठला वाऱ्याने लांबलेला. असे किती असतील कोण जाणे. काही ठिकाणी बाईंनी पात्याने कागद खरवडून पातळ केला होता, आणि मागून दुपारचं ऊन पडल्यामुळे ते कण चक्क पेटल्यासारखे दिसत होते. सबंध पानभर, वरपासून खालपर्यंत, आवाज न करता राख पडत होती. एकमिनिटने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. आपल्या अंगावरही ती पडेल असं तिला वाटलं असावं.

आणि अगदी तळाशी, तांदळाच्या दाण्याएवढी दोन माणसं.

कटरमामा भिंग घेऊन दारात आले होते. ठिणगीने ते लावलं. मुकी डाव्या पायावर उतरली होती. उजवा हात गंजच्या गळ्याशी, पण मूठ उघडलेली. मुखवटा खाली पडत होता. आणि आपल्या गळ्यातला रुमाल काढून ती गंजच्या नाकातोंडाला बांधत होती, मुखवट्याशिवाय त्याला राखेत गुदमरायला होऊ नये म्हणून.

गोट्याने नाक ओढलं.

बाहेर मशीन घरघरलं.

"थांबवा!" काका ओरडले आणि बूट न घालता धावले. मोज्यांवर घसरत, मावशीला मागे टाकत, त्यांनी स्वतः बटण दाबलं. मग परत येऊन त्यांनी कागदाची चिकटपट्टी नखाने इतक्या हळू काढली, की पाहणाऱ्यांना श्वास धरून ठेवावा लागला. बाकी दुपार काका उन्हात बसून होते. टक्कल लालबुंद झालं, पण त्यांनी पडद्याचं नाव काढलं नाही.

"मामा चुकले, मी चुकलो," ते संध्याकाळी मावशीला म्हणाले. "आणि ही पोरं नसती, तर बाईंना कुठल्या तोंडाने पुस्तक दिलं असतं? उद्यापासून पुडकं यांच्यासमोर उघडायचं."

पट्टी सुटली त्या दिवशी मावशी तिघांनाही दवाखान्यात घेऊन गेली. पांढऱ्या खोलीत बाई पलंगावर बसल्या होत्या. ठिणगीला वाटलं होतं तशा उंच नव्हत्या, अगदी लहानखुऱ्या होत्या. त्यांनी पुस्तक उजवीकडून उघडलं आणि सरळ त्या पानावर गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. बोट कणांवरून फिरवत.

"छापताना एकही कण गाळला नाहीत," त्या म्हणाल्या. मग मावशीने त्यांना सगळं सांगितलं. खिडकी, स्टूल, काकांचे मोजे. बाई इतक्या हसल्या की नर्सने डोळे वटारले.

"पान हरवलं ते कळलं कुणाला?"

"एक मिनिट," एकमिनिट म्हणाली, आणि पुढचं तिला सुचेना. ठिणगीने तिला पुढे ढकललं. "हिला, बाई. मी फक्त उडी मारून बघितली."

"मारून बघितली?" बाईंनी पुस्तक मिटलं. "माझी उडी?"

"हो. आम्ही सगळ्याच मारतो. पहिल्या भागापासूनच्या. गोट्या गंज होतो."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नव्या डोळ्यांनी त्या ठिणगीकडे बघत राहिल्या.

"मी ती आयुष्यभर कागदावर थांबलेलीच पाहिलीय गं," त्या म्हणाल्या. "हलताना कधी बघितली नाही. दाखवशील?"

गोट्या न सांगता जमिनीवर गुडघे टेकून बसला आणि त्याने मान वर केली. मावशीने पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. ठिणगी खुर्चीवर चढली, मूठ पुढे केली, डावा पाय पोटाशी घेतला. बाई पुढे वाकल्या.

आणि ठिणगीने उडी मारली.