गाळाची टाकी

महाडच्या भातगिरणीत गाळाची टाकी बसवायला मी मुंबईहून आलो ते चौतीस साली. बॉयलरच्या तळाशी साचणारा गाळ उकळत्या पाण्यासकट रोज बाहेर सोडावा लागतो. इथे तो भिंतीमागच्या ओढ्यात सोडत, आणि जरा निवलं की त्याच ऊन पाण्यात बाया धुणी धूत. आगवाल्या कोंडाजीची बायको रखमा त्यात भाजून मेली, तेव्हा कुठे गिरणीच्या शेठना हे पाणी साठवून निववायची टाकी सुचली. माणूस गेल्याशिवाय या लोकांना अक्कल येत नाही.

गाळ सोडायचा कॉक उघडण्याआधी कोंडाजी भिंतीपलीकडे हाक मारी. बाया काठावर चढल्या की त्यांतली एखादी "सोड रे" म्हणे. त्या दिवशी ओढ्यावर रखमा एकटीच होती. याने हाकच मारली नाही, असं सगळं गाव म्हणत होतं.

"मारली हाक, मिस्त्री," कोंडाजी मला म्हणाला. "तिनंच सोड म्हटलं. आदल्या राती मी हात उचलला होता तिच्यावर. पान्यात उभी राहून म्हटलं तिनं."

बायकोने आपल्यावरच्या रागाने जीव दिला, असं त्याने मनाशी धरलं होतं. मला त्याची कीव आली नाही. स्वतःचं पाप मेलेल्या बाईवर ढकलतोय, असंच वाटलं.

शेठ गिरणी एक दिवसही बंद ठेवीनात. म्हणून बॉयलर पेटता असतानाच मी भिंतीमागे बसवलेल्या टाकीत उतरलो आणि बॉयलरकडून येणाऱ्या नळाचे बोल्ट आवळू लागलो. आत लोखंडाचा आणि ओल्या राखेचा वास कोंदला होता. मी सांगेपर्यंत कॉकला हात लावू नकोस, असं कोंडाजीला बजावलं होतं.

भिंतीपलीकडून कोंडाजीची हाक आली. "मिस्त्री, सोडू का?"

"थांब!" मी ओरडलो.

माझ्या कानाशी, माझ्याच आवाजात, कुणीतरी शांतपणे म्हणालं, "सोड रे."

नळ गुरगुरला. उकळतं पाणी पायांवर आलं. मी "थांब, थांब" ओरडत पान्हा टाकीवर बडवत सुटलो.

कॉक अर्ध्यात अडकला, म्हणून वाचलो.

कसाबसा बाहेर आलो, तर कोंडाजी कॉक रेटायला लोखंडी दांडा घेऊन उभा. मी त्याची मानगूट धरली.

"तुमीच सोड म्हटलंत की!"

"थांब म्हणून बोंबलत होतो मी! पान्हा बडवत होतो!"

"नाय आयकू आलं. नुसतं सोड आलं."

माझा हात सुटला. "कोंडाजी, ते मी म्हटलं नाही."

तो माझ्या भाजलेल्या पायांकडे बघत राहिला. तिने जीव दिला नव्हता, एवढं तरी त्याला कळलं. आता याचा जीव हलका होईल, असं मला वाटलं.

"म्हंजे," तो म्हणाला, "ती बी थांबच म्हणत होती."