जिन्यातला खटका

"उस्ताद, धावत या! कॉम्प्युटर मरायला टेकलाय!"

फोनवर उम्म वदी, म्हणजे वदीची आई, होती. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या नबीहने आपली रिकामी डिस्क पिशवीत टाकली. तिचा एकुलता एक मुलगा वदी तीन वर्षांपूर्वी घाटातल्या अपघातात गेला, फोनचाही चुरा झाला. त्या फोनवर त्याने रेकॉर्ड केलेली स्वतःची गाणी तेवढी या जुन्या कॉम्प्युटरवर उरली होती. दुसरी प्रत करू या, म्हणून नबीहने किती वेळा कानीकपाळी ओरडून सांगितलं. पण बाईंना कॉम्प्युटर घराबाहेर जाऊ द्यायचा नव्हता.

तिच्या घरी पोचताच नबीहने कॉम्प्युटरला कान लावला. टक्. टक्. टक्. हार्ड डिस्क आचके देत होती. त्याने आपली डिस्क जोडून गाणी उतरवायला घेतली. काम गोगलगायीसारखं सरकत होतं.

"कधीपासून असं?"

"महिना झाला. गाणं लावलं, की वीज जाते."

"सरकारी?"

"ती त्रिपोलीत कुणी पाहिलीय? जनरेटरची."

गल्लीतल्या जनरेटरवरून प्रत्येक घराला पाच अँपिअर. भार वाढला की त्या घराचा खटका पडायचा. साऱ्या मजल्याचे खटके जिन्यात, एकाच पेटीत.

"माझ्याकडे बघू नका हं!" उम्म वदीची बहीण नुहाद फणकारली. "ड्रायरने केस मी पार्लरमध्येच वाळवते."

इतक्यात जिन्यात कुणीतरी खेकसलं, "अगं, गीझर बंद कर आधी! वर करतोय!" शेजाऱ्यांचा खटका पडला होता. इकडचा दिवा चालूच होता.

"तुमचा खटका पडतो, तेव्हा वर कोण करतं?" नबीहने विचारलं.

"आमचे हेच, अबू वदी. सिगारेट ओढायला जिन्यात असतात ना."

"वर केल्यावर पुन्हा पडतो?"

"कधीच नाही."

"ते तुम्हाला काय बंद करायला सांगतात?"

उम्म वदी आठवत राहिली. "काहीच नाही. वीज आपोआप येते."

नबीहला उत्तर मिळालं होतं, आणि ते नकोसं होतं. दारात अबू वदी कॉफीचा कप घेऊन उभा होता.

"भाराने पडलेला खटका भार कमी केल्याशिवाय टिकत नाही," नबीह हळू आवाजात म्हणाला. "म्हणून इथलं शेंबडं पोरही आधी ओरडतं, मग खटका वर करतं. तुमचा खटका न ओरडता टिकतो, म्हणजे भार नव्हताच. शिवाय तो पडतो फक्त गाणं लागल्यावर. गाणं जिन्यात ऐकू येतं. अबू वदी, खटका तुम्हीच पाडत होता."

"खोटं!" उम्म वदी ओरडली. मग तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तू रोज ऐकून रडायचीस," अबू वदी म्हणाला. "बंद कर म्हणायला तोंड उघडत नव्हतं. आणि मला... मला तो आवाज सोसवत नव्हता गं. वीज तर दिवसातून दहादा जाते. म्हटलं, त्याने काय बिघडणार?"

"चालत्या डिस्कची वीज तोडली की कधीतरी ती दगावते," नबीह म्हणाला. "म्हातारी डिस्क होती. महिनाभर रोज झटके खाल्ले तिने."

टक् थांबलं. नबीहने तीनदा पुन्हा चालू करून पाहिलं. डिस्क आता फिरतच नव्हती. त्याला कुणाकडेही बघवेना.

एकच फाईल पुरती उतरली होती. त्याने ती आपल्या लॅपटॉपवर लावली.

वदीने जेमतेम एक ओळ गायली. मग काहीतरी खट्कन पडलं, तो हसला, आणि दूर जाणाऱ्या पावलांबरोबर त्याची हाक आली, "आई, गीझर बंद कर! मी खटका वर करतोय!"

उम्म वदी उठली आणि न्हाणीघराकडे गेली. गीझर बंदच होता. तरी तिने बटणाला हात लावून खात्री केली, आणि तिथूनच ओरडली, "केला रे!"