न आकसणारी बाहुली

“अमर, दिव्याभोवती रंगाचं कडं दिसतें रे. त्यांत आई उभी आहे.”

फोनवर सरस्वतीचा आवाज ऐकला आणि अमरसिंह हातातला कापीचा पेला तसाच टाकून निघाला. आई जाऊन कैक वर्षं लोटली होती. तंजावूरच्या राजवाड्यामागे, एका गल्लीपलीकडे सरस्वतीअक्काचं, त्याच्या थोरल्या बहिणीचं घर. पोलिसांतून निवृत्त झाल्यापासून तो एवढ्या घाईनं कधी चालला नव्हता.

अक्का देवघराच्या उंबऱ्याशी डोकं दाबून बसली होती. वांती झाली होती. तिची चित्रकलेची शिष्या गायत्री पाठीवरून हात फिरवत होती.

“कधीपासून?”

“दुपार कलल्यावर एकाएकी,” अक्का कण्हली. “अर्धं कपाळ फुटतें आहे.”

जिन्यावर गिरीश उभा होता. थोरल्या भावाचा पोरका मुलगा, अक्कानंच वाढवलेला. चित्रांच्या चौकटी करायचा. डोळ्यात काचेचं कुसळ गेल्यापासून तो संध्याकाळीही काळा चष्मा लावत असे.

“काका, बाम लावून निजू द्या,” तो म्हणाला. “धूसर दिसतें तें आपोआप उतरतें. उद्या देवळाचे विश्वस्त येतील, त्यांना मी सांगतो. आत्यानं न बघतां चित्र घेऊन जाऊं देत.”

देवळाचं जुनं बाळकृष्णाचं चित्र नवी चौकट बसवायला घरी आलं होतं. सोन्याच्या वर्खाचं काम अक्काइतकं कोणी ओळखत नव्हतं. तिनं पारखल्याशिवाय विश्वस्त ते परत नेणार नव्हते.

अमरसिंहानं मोबाइलचा उजेड अक्काच्या डोळ्यांवर धरला. डावी बाहुली झटकन आकसली. उजवा डोळा लालभडक, बुबुळावर धुकं. आणि बाहुली रुंद, काळी, निश्चल. त्या काळोखातून कोणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटून त्याच्या मानेवर काटा आला. अपघातात डोकं फुटलेल्यांच्या डोळ्यांत त्यानं अशी बाहुली पाहिली होती. त्यातले फार थोडे वाचले होते.

“आटो बोलाव, गायत्री. आत्ता.”

“आई बोलावतें,” अक्का पुटपुटली.

“तिला थांबूं दे.”

इस्पितळात आधी मेंदूची तपासणी झाली. मेंदू ठीक होता. मग डॉक्टर नंदितानं डोळ्यातला दाब मोजला आणि तिचा चेहरा बदलला. तातडीनं औषधं सुरू झाली.

“सकाळपर्यंत थांबला असतात तर डोळा गेला असता,” ती बाहेर येऊन म्हणाली. “ते कडं भुताचं नव्हे. बुबुळ सुजलं की दिवा तसाच दिसतो. यांच्या डोळ्यात पाणी निचरायची वाट मुळातच अरुंद. बाहुली पसरवणारं काहीतरी आत गेलं आणि ती वाट बंद झाली.”

“काय गेलं असेल?”

“एखादं औषध. धोतऱ्याचा रससुद्धा पुरतो.”

गायत्रीचा चेहरा पांढरा पडला. त्या दिवशी प्रदोष होता, शंकराला धोतरा वाहायचा दिवस.

“धोतऱ्याची फुलं कोणी तोडली?” अमरसिंहानं विचारलं.

“मींच. पहाटे. तीं घेऊन तिरुवैयारूच्या शिवमंदिरांत गेलें ती दिवेलागणीला परतलें.”

“अक्काच्या डोळ्यात थेंब कोण घालतं?”

“त्या स्वतःच. फक्त उजव्या, कोरड्या डोळ्यांत. सकाळीं माझ्यासमोर घातले, कांहीं झालें नाहीं. दुसऱ्यांदा घालतात तें दुपारीं जेवल्यावर.”

अमरसिंह घरी परतला. थेंबांच्या बाटल्या घेतल्या, चित्रापाशी बराच वेळ उभा राहिला आणि मग आपल्या जुन्या पोलीस ठाण्यात गेला.

सकाळी अक्काची वेदना ओसरली होती. खाटेभोवती गायत्री, गिरीश आणि साध्या वेशातला एक हवालदार होते.

“सकाळचे थेंब बाधले नाहीत,” अमरसिंह म्हणाला. “दुपारचे बाधले. बाटली तीच. म्हणजे मधल्या वेळात तिच्यात काहीतरी मिसळलं. तेव्हा गायत्री गावात नव्हती. घरात होतास तू, गिरीश.”

“मीं कशाला करूं असें?”

“काल तू म्हणालास, धूसर दिसतं ते आपोआप उतरतं. अक्कानं डोकेदुखी सांगितली होती, कडं सांगितलं होतं. धूसर हा शब्द कोणी काढलाच नव्हता. तुला तो ठाऊक होता, कारण कुसळ गेलं तेव्हा डॉक्टरांनी तुलाच बाहुली पसरवायचे थेंब दिले होते. तुझी बाटली आणि अक्काची, दोन्ही तपासायला गेल्या आहेत.”

गिरीशनं चष्मा काढला. उजेडानं त्याचे डोळे पाणावले, की कशानं, ते कळलं नाही.

“चौकटीत अस्सल चित्र नाही, तू बसवलेली नक्कल आहे,” अमरसिंह पुढे म्हणाला. “मागची फळी जुनी आहे, पण तिच्यावर चित्रासाठी चिकटवलेलं कापड नवं. अक्कानं एकदा बघितलं असतं की संपलं. डाव्या डोळ्यानं तिला बारीक काम दिसतच नाही; उजव्यानंही फक्त आजचा दिवस दिसायला नको होतं.”

“एक दिवसच,” गिरीश खाली बसला. “उतरलें असतें, आत्या. माझें उतरलें होतें. तुझा डोळा असा आहे हें मला ठाऊक नव्हतें.”



“मी वांती करत होतें,” अक्का म्हणाली, “आणि तू जिन्यावर उभा होतास. तेव्हां तर ठाऊक झालें होतें ना?”

गिरीशनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“आई आली असें समजून मी घाबरलें नव्हतें, अमर,” ती म्हणाली. “आतां घाबरलें. ने त्याला.”