फळ्याला अजून एक हात

कुवेतमधल्या शुवैखच्या त्या गल्लीत विशाखा फळा शोधायला आली होती, पण वर्कशॉपमध्ये शिरली ती जीव वाचवायला. पाच मिनिटांपूर्वी निळं असलेलं आभाळ एकाएकी वाळूच्या रंगाचं झालं. ओढणी तोंडावर घट्ट धरूनही दाताखाली कचकच येऊ लागली. समोर एक अर्धं शटर उघडं दिसलं, तशी ती वाकून आत घुसली आणि थेट कोणाच्या तरी छातीवर जाऊन आदळली.

"अगं आई गं!"

"आई नाही, सुयोग," तो म्हणाला. "बाजूला व्हा, आधी शटर ओढतो. नाहीतर माझ्या पॉलिशचा सँडपेपर होईल."

तिला हसू आलं, हसता हसता ठसका लागला. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. केसांत भुसा, कानावर पेन्सिल, आणि डोळे... डोळ्यांकडे तिनं मुद्दामच फारसं पाहिलं नाही.

"कुठले तुम्ही?" तिनं विचारलं.

"कुडाळ. तुम्ही?"

"लातूर."

"मग शेजारीच की!" तो इतक्या गंभीरपणे म्हणाला की तिला पुन्हा ठसका लागला.

वादळ थांबेपर्यंत दुसरं काम नव्हतं, म्हणून तिनं फळ्याचं सांगून टाकलं. मिरकाबमधल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये ती टेक्निशियन होती. जुलैपासून पाच महिने बिनपगारी रजा घेऊन ती टांझानियातल्या एका खेड्यात शाळेत शिकवायला जाणार होती, स्वयंसेवक म्हणून. पाचच महिने, कारण सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की कुवेतचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, हातचा जातो. काय आणू, असं तिनं तिथल्या हेडमास्तरांना विचारलं होतं. त्यांनी एकच वस्तू कळवली होती. फळा. त्यांचा होता तो मधोमध चिरला होता.

"विमानात नेता येईल, असा घडीचा हवा," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बाटलीचं झाकण लावू लागली.

कारण यानंतर काय होतं ते तिला पाठ होतं. आफ्रिका म्हटल्यावर तीन स्थळांनी पळ काढला होता. एकानं तर चहाही अर्धवट टाकला होता. हाही आता म्हणेल, एकट्या? तिकडे? आणि पगार नाही?

सुयोगनं कानावरची पेन्सिल काढली. "भिंत कशाची आहे तिथं? मातीची असली तर खिळा धरणार नाही. उभं राहायला पाय करावे लागतील फळ्याला."

विशाखाला तो आवडला, तो नेमका या वाक्याला.

पुढच्या शुक्रवारी फळा तयार होता. बिजागरीवर पुस्तकासारखा मिटणारा, मागे घडीचे पाय, वर धरायला मूठ. विशाखानं हौसेनं खडू घेतला आणि लिहायला लागली. ओळ डावीकडून निघाली आणि उजवीकडे पोचेपर्यंत पार उतरणीला लागली. खडू असा किंचाळला की कोपऱ्यात चहा करणारे शत्रुघ्नकाका कपाळाला हात लावून बसले. काका वर्कशॉपचे मुकादम, कुडाळजवळच्या माणगावचे, वीस वर्षं कुवेतमध्ये.

"रक्त तपासायला बरं येतं मला," ती ओशाळून म्हणाली.

"दोष फळ्याचा आहे," सुयोग पटकन म्हणाला. "खडू धरत नाही नीट. अजून एक हात मारायला हवा रंगाचा. पुढच्या शुक्रवारी या."

पुढच्या शुक्रवारी रंग एका कोपऱ्यात फिका दिसत होता. त्याच्या पुढच्या शुक्रवारी फळ्यावर उजेड चमकत होता. दर वेळी अजून एक हात! आली आहेच तर सराव करावा, म्हणून विशाखा शिकवू लागली आणि सुट्टीच्या दिवशी लोळत पडलेले पाचही सुतार प्लायवूडच्या थप्पीवर विद्यार्थी होऊन बसले. अपूर्णांक, त्रिकोण, सगळं चाललं होतं. नियम एकच होता, बोलायचं असेल त्यानं आधी हात वर करायचा.

सुयोगनं कधीच हात वर केला नाही. तो मागे उभा राहून बघत राहायचा. विचारलं तर उत्तर बरोबर यायचं, पण विचारावं लागायचं. शिकवून झाल्यावर दोघं दारात बसून काळा चहा प्यायची. एव्हाना तुम्हीचं तू झालं होतं, कधी ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"मुलं कशावर बसतात तिथं?" एकदा त्यानं विचारलं.

"जमिनीवर. बाकं नाहीत."

"हं," म्हणून त्यानं कानावरची पेन्सिल उगाच काढून परत ठेवली. मग म्हणाला, "मी सप्टेंबरात घरी चाललोय. गणपतीला. दोन वर्षांनी रजा मिळालीय, दोन महिने. आईनं दोन मुली बघून ठेवल्यात."

"अरे वा," विशाखा म्हणाली. चहा एकदम कडू लागला. "दोघींशी करणार का?"

"एकीचं काय ते बघू आधी," तो हसला, पण नीट हसला नाही.

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी ती लवकर पोचली. सुयोग कुलूप-बिजागऱ्या आणायला गेला होता. काका एकटेच होते.

"गो चेडवा, एक सांगू?" ते म्हणाले. "फळ्याक दोन हात पुरे होतत. ह्या उन्हात अर्ध्या तासान सुकता. ह्येना आठ मारल्यान! आता खरवडलंस तरी तुझी नातवंडा शिकतीत त्येच्यावर."

विशाखाचे कान तापले. म्हणजे...

"मग बोलत का नाही तो?"

"तू लॅबवाली, तो सुतार. भियाता."

भीत तर तीही होतीच. तो बोलला आणि म्हणाला, 'जाऊ नकोस', तर? त्या तिघांना तिनं सहज सोडून दिलं होतं. याला सोडणं जमणार नव्हतं आणि ती शाळा सोडणंही जमणार नव्हतं. म्हणून त्या दिवशी तिनं काही विचारलं नाही. त्यानंही नववा हात मारला आणि काही सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी काकांनी पिकअप काढली. मागे फळा, गोधडीत गुंडाळलेला. विमानतळावर सामान देऊन झालं. इथून पुढे तिनं एकटीनंच जायचं होतं. "येते," असं ती काकांना म्हणाली, त्याला म्हणाली, आणि रांगेत उभी राहिली. पुढचा माणूस सरकला. तीही सरकली. डोळ्यांत पाणी आलं, त्याचा तिला रागच आला. एवढे नऊ हात मारले, तोंड उघडायला काय झालं होतं या माणसाला?

तिनं शेवटचं वळून पाहिलं.

दोरीपलीकडे, गर्दीत सुयोग उभा होता. त्याचा उजवा हात सरळ वर होता. तो निरोपाला हलत नव्हता, वर्गात करतात तसा ताठ, एक बोट उंच. आजूबाजूची माणसं बघत होती. शत्रुघ्नकाका छताकडे बघत होते.

विशाखा रांग सोडून दोरीपर्यंत आली.

"बोल," ती म्हणाली. आवाज काही बाईंसारखा निघाला नाही.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. हात अजून वरच. "थांब म्हणत नाही. जा. जायलाच हवं. पण... गणपती आमच्याकडे पाच दिवसांचा असतो. रजा दोन महिन्यांची आहे. हेडमास्तरांचा ईमेल काकांनी तू फळ्यावर चिकटवायला दिलेल्या कागदावरून उतरवला. मी त्यांना विचारलं, बाकं करायला सुतार चालेल का, बिनपगारी. त्यांचं काल उत्तर आलं. लाकूड आहे म्हणाले, हत्यारं आणा."

विशाखानं दोरी घट्ट धरली. "आणि त्या दोन मुली?"

"आईला रात्री फोन केला. म्हटलं, एक लातूरची आहे. शेजारचीच."

मग मात्र ती रडली आणि हसली, दोन्ही एकदम. "हात खाली घे ना, वेड्या. सगळे बघतायत. आणि मलाही आवडतोस तू... पहिल्याच दिवसापासून. खिळ्याचं विचारलंस तेव्हापासून!"

त्यानं हात खाली घेतला, तो दोरीवरच्या तिच्या हातावर ठेवला. मागून तिच्या विमानाची सूचना ऐकू आली.

"बाकांना रंग लागेल का रे?" डोळे पुसत तिनं विचारलं.

"लागणार तर. ऑक्टोबरात तिथं पाऊस असतो म्हणे," सुयोग म्हणाला. "एकेक हात वाळायला दोन-दोन दिवस जातील."

"जाऊ देत," विशाखा म्हणाली, आणि आपली पिशवी उचलून पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.