नसरापूर फाट्यावरचा समुद्र

१९७८ सालच्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी अंजना ओव्हाळ नसरापूर फाट्यावर एसटीतून उतरली आणि तिच्या हातातल्या खोक्याचा तळ सुटला.

खोक्यात कॉम्प्युटरला द्यायची कार्डं होती. भोकं पाडलेली, पोस्टकार्डाहून लांबट. ती सगळी चिखलात पसरली. वरून पावसाची भुरभुर चालू होतीच. अंजना ओरडली वगैरे नाही. पदर खोचून खाली बसली आणि वेचू लागली.

गाडी पुढं भोरला जायची होती. तिच्या खिडकीतून एक तरुण हे बघत होता. त्यानं खाली उडी मारली आणि तोही वेचायला बसला. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी गेली.

"तुमची गाडी गेली," अंजना म्हणाली.

"हो ना... माझी पिशवीही गेली."

"मग आता?"

"पिशवी भोरच्या स्टँडवर वाट बघत बसेल. ही कार्डं काही बसणार नाहीत."

फाट्यावर फुलाबाईचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि एक चूल. कार्डांची चळत बघून फुलाबाईनं विचारलं, "लगीनपत्रिका व्हय गं? भिजल्या जनू समद्या."

"नाही हो," अंजना म्हणाली. तरुण मात्र हसला, आणि हसल्यावर आपण हसायला नको होतं असं त्याला वाटलेलं अंजनाला दिसलं.

फुलाबाईनं चुलीशेजारची जागा मोकळी करून दिली. दोघं कार्डं पुसून शेकायला मांडू लागले. प्रत्येक कार्डाच्या वरच्या कडेला बारीक आकडे छापलेले होते. तरुणानं एक कार्ड उजेडात धरलं. मग दुसरं. मग भराभर आणखी चार-पाच.

"काय झालं?"

"हे... हे माझे आकडे आहेत."

त्याचं नाव सोपान पारठे. गाव हिर्डोशी, वरंध घाटाच्या वाटेवरचं. आदल्या वर्षी अरबी समुद्रात पाहणीला गेलेल्या जहाजावर तो होता. थर्मामीटर बसवलेल्या बाटल्या तारेवरून खोल सोडायच्या, वर ओढायच्या, आणि कुठल्या खोलीला पाणी किती थंड ते नोंदवायचं, हे त्याचं काम. आता तो रजेवर घरी निघाला होता.

अंजना पुण्याच्या एका संशोधन संस्थेत होती. गणितात एम.एस्सी. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याजवळचा समुद्रप्रवाह दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उत्तरेकडे. गेल्या वर्षी तो नेहमीपेक्षा लवकर मंदावला. का, ते तिला शोधायचं होतं. तिनं अख्ख्या अरबी समुद्राचे चौकोन पाडले होते, प्रत्येक चौकोनासाठी समीकरणं लिहून समुद्राचं गणिती मॉडेल बनवलं होतं, आणि कार्डांचं खोकं घेऊन ती मुंबईच्या मोठ्या कॉम्प्युटरकडे खेपा घालत होती. ही खेपही फुकट गेली होती. वेल्ह्याला घरी बसून चूक शोधावी, म्हणून खोकं बरोबर घेतलेलं.

सोपाननं कार्डं पुन्हा चाळली. "ऑगस्टचा शेवटचा आठवडा दिसत नाही."

"काढून टाकला."

"का?"

"पाणी फारच थंड दाखवत होतं. थर्मामीटर बिघडला असणार."

"थर्मामीटर ठणठणीत होता. बिघडलो होतो मी, उलट्या करून करून. पण आकडे तीन-तीनदा वाचलेत."

"ते मॉडेलमध्ये बसत नाहीत."

"मग मॉडेलला जरा सरकून बसायला सांगा की..."

अंजनानं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर चिखलाचा एक ठिपका होता. तो सांगावा की नाही, याचा तिनं विचार केला आणि सांगितला नाही. तेवढ्यात वेल्ह्याची गाडी आली.

सप्टेंबरात सोपानची नेमणूक काही महिन्यांसाठी पुण्याला, अंजनाच्याच संस्थेत झाली. नेमणूक त्यानं मागून घेतली होती, हे तिला बऱ्याच उशिरा कळलं.

तिनं तो वगळलेला आठवडा मॉडेलमध्ये घातला. मुंबईहून कागदांचा गठ्ठा आला, त्यात प्रवाहाचा वेग आगगाडीएवढा निघाला होता.

"तुमच्या पाण्यानं माझा समुद्र बिघडवला," ती म्हणाली.

"बघू तरी."

दोघं शेजारी बसून एकेक आकडा तपासू लागले. वादळात जहाज वाहवत गेलं होतं, त्यामुळं दोन दिवसांची जागा चुकीची नोंदली होती, हे अंजनानं दाखवून दिलं. सोपान आधी भांडला, मग जहाजाचा मार्ग कागदावर काढून बघितला, आणि म्हणाला, "चुकलं आमचं." उरलेले दिवस मात्र खरे होते. ते अंजनानं मान्य केलं. तिलाही ते सोपं गेलं नाही.

मग तिनं नवी रीत बसवली. मॉडेलनं एक दिवस पुढं जायचं, थांबायचं, जहाजावरच्या मोजमापाकडे बघायचं, त्याच्या दिशेनं थोडं सरकायचं, आणि मग पुढचा दिवस.

"थोडंच का? पूर्ण सरकू दे ना," सोपान म्हणाला.

"मोजमापही चुकतं. आत्ताच बघितलंत."

"मग सरकायचं तरी किती?"

"तेच तर कळत नाहीये..." अंजना म्हणाली, आणि उगाचच पेन्सिलीला टोक करत बसली. टोक आधीच होतं.

फेब्रुवारीत उत्तर जुळलं. वारा पडायच्या आधीच किनाऱ्याजवळ खालचं थंड पाणी वर आलं होतं आणि त्यानं प्रवाह मंदावला होता. मॉडेलमधला प्रवाह आता जहाजानं पाहिलेल्या प्रवाहासारखाच वागत होता. संस्थेत पेढे वाटले गेले. सोपाननं स्वतःचा पेढा तिच्या टेबलावर ठेवला आणि निघून गेला. तिनं तो खाल्ला.

त्याच आठवड्यात कँटीनमध्ये तो म्हणाला, "एकदा हिर्डोशीला या. आईला दाखवायचंय."

"समुद्र?"

"तुम्हाला."

अंजनानं कप खाली ठेवला. "माझं आडनाव ऐकलंत ना तुम्ही?"

"पहिल्याच दिवशी."

"तुमच्या आईनं?"

सोपाननं नकारार्थी मान हलवली. पारठे मराठे होते. ओव्हाळांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. दोघांच्या गावांमध्ये डोंगराच्या दोन-चार रांगा होत्या, पण अडचण त्या रांगांची नव्हती.

"लपूनछपून मी काही करणार नाही," अंजना म्हणाली.

"मीही नाही."

तो आधी वेल्ह्याला गेला. अंजनाचे वडील कोंडिबा तहसील कचेरीत कारकून होते. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग विचारलं, "पारठे, तुमी शिकलेले. म्या एकच इचारतो. तुमच्या घरातल्या हंड्यात माझी पोर हात घालंल का?"

सोपान म्हणाला, "मला माहीत नाही."

आत अंजनाची आई रतनबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"व्हय म्हनून मोकळं होता आलं असतं तुमास्नी."

"आलं असतं. पण ते खोटं ठरलं असतं कदाचित."

"मंग इचारून या," कोंडिबा म्हणाले. "आमी हितंच हाय."

हिर्डोशीला गाडी त्या दिवशी आलीच नाही. सोपान बराचसा रस्ता चालला. आई, धोंडाबाई, भाजावळीसाठी, म्हणजे रोपाची जमीन भाजायला, वावरात पालापाचोळा पसरत होती.

"आये, मला एका मुलीशी लगीन करायचंय."

"कुनाची?"

"वेल्ह्याच्या ओव्हाळांची."

धोंडाबाईला आडनाव कळलं. ती पाला पसरत राहिली. "तुजा चुलता काय म्हनंल?"

"त्याला मी विचारीन. तू काय म्हणतेस?"

तिनं पाल्याचा पुढचा भारा सोडला. रात्री त्याला वाढलं, सकाळी भाकरी बांधून दिली, पण बोलली नाही.

पुण्याला येऊन त्यानं जसंच्या तसं अंजनाला सांगितलं.

"नाही म्हणाल्या?"

"नाही."

"आणि हो?"

"तेही नाही."

"मग आपल्याला काहीच कळलेलं नाही," अंजना म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. त्या दिवशी तिनं एकच बेरीज चारदा केली.

मे महिन्यात सोपानला पुन्हा जहाजावर जायचा हुकूम आला. पावसाळाभर समुद्रात. निघण्याआधीच्या रविवारी तो निरोप घ्यायला वेल्ह्याला गेला, आणि ओव्हाळांच्या पडवीत त्याला आई बसलेली दिसली.

ती एकटी आली होती. भोरला गाडी बदलून, पुन्हा फाट्यावर बदलून, घर विचारत. कोंडिबांनी खुर्ची पुढं केली तरी खालीच बसली होती.

"पानी द्या वाईच," ती म्हणाली. "लई ऊन हाय."

रतनबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. मग तांब्या भरून आणला. धोंडाबाईनं तो वर धरून घशात ओतला नाही. सरळ तोंड लावून प्यायली, सगळा तांब्या, सावकाश.

"पोर कुठंय?"

अंजना पुढं आली.

"नाचनीची भाकरी येती का थापता?"

"येते."

"आन ते समिंदराचं गनित... आमच्या ह्याला येतं का?"

"थोडं थोडं."

"बरं झालं," धोंडाबाई म्हणाली. मग कोंडिबांकडे वळली. "ह्याचा चुलता लग्नाला येनार न्हाई. आदीच सांगते."

"आमचं बी काही येनार न्हाईत," कोंडिबा म्हणाले. "जेवान तेवढं उरंल."

जहाज परतल्यावर, दिवाळीनंतर लग्न करायचं ठरलं.

संध्याकाळच्या गाडीला अंजना सोपानला सोडायला आली. धोंडाबाई आधीच आत, खिडकीशी जाऊन बसली होती. वेल्ह्याच्या बाजारात दिवे लागत होते.

"सगळ्यांनी सगळ्यांना विचारून झालं," अंजना म्हणाली. "बाबांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही आईंना विचारलंत. आईंनी मला भाकरीचं विचारलं..."

"मग?"

"तुम्ही मला काही विचारलंच नाहीत."

सोपान ओशाळला. "राहून गेलं..."

"अवो पावनं," कंडक्टर दारातून ओरडला, "चढताय का ऱ्हाताय?"

सोपाननं एक पाय पायरीवर ठेवला. सगळी गाडी ऐकत होती, आईही. त्यानं आवाज खाली केला नाही.

"अंजना, मला तुम्ही आवडता. लग्न कराल माझ्याशी?"

घंटी वाजली. गाडी हलली. कॉलेजात आणि संस्थेत इतकी वर्षं नेटकं बोलणाऱ्या अंजनाच्या तोंडून ऐन वेळी घरचा शब्द निसटला.

"व्हय," ती म्हणाली. आणि गाडीच्या आवाजात ऐकू गेलं नसेल म्हणून, दोन पावलं पळत जाऊन, पुन्हा एकदा मोठ्यानं, "व्हय!"