क्राउदरबाईंच्या पडद्यावरची सावली

"दिसेल तेवढंच सांग, एडना. मला बरं वाटावं म्हणून एक अक्षरही बोलू नकोस."

माझा नवरा विलिस पहिल्यांदा मला कामावर घेऊन गेला, तेव्हा शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून हे म्हणाला होता. तो छपरावर, मी आत टीव्हीसमोर, मध्ये उघडी खिडकी. तो अँटेना तसूभर फिरवायचा आणि पान्याने खांबावर दोनदा टकटक करायचा. चित्र आलं का, असा त्याचा अर्थ. मी "अजून नाही" किंवा "आलं" असं ओरडायची. ओरडणं माझ्या स्वभावात नाही, पण वारा असला की इलाज नसे. मी "आलं" म्हटल्याखेरीज तो उतरत नसे. एकदा गारा पडत असताना पाऊण तास धुराड्याला मिठी मारून उभा राहिला होता.

होम मॉसच्या डोंगरावरचा टीव्ही-प्रक्षेपणाचा मनोरा सुरू झाला आणि वर्षभरात आमच्या खोऱ्यातली धुराडी अँटेनांनी भरून गेली. त्यातल्या निम्म्याहून अधिक विलिसच्या हातच्या. नुसती छपरं बघून तो घरांची माहिती सांगे. नऊ फुटांची दांडी म्हणजे चॅनल दोन, आपला मनोरा. कुठे साडेसात फुटी दिसली की हसायचा. "हे बिऱ्हाड बर्मिंगहॅमकडचं, तिथल्या मनोऱ्याची लाट आखूड. सामानाबरोबर अँटेनाही उचलून आणली, आणि आता पडद्यावर मुंग्या बघत बसलेत." लाट जेवढी लांब, तिच्या निम्म्याहून जरा कमी दांडी. हे त्याने मला जेवणाच्या टेबलावर सुरी-काटे मांडून शिकवलं होतं.

अडलं ते फक्त चढावरच्या स्कार टॉपला, क्राउदरबाईंकडे. तिथे मनोऱ्याची लाट दोन वाटांनी येई. एक सरळ, दुसरी मैलभरावरच्या खाणीच्या कड्यावर आपटून, उशिरा. उशिरा आलेल्या लाटेची पडद्यावर उजवीकडे फिकी सावली पडे. विलिसने माझी शिवणाची टेप लावून मोजली. सव्वा इंच. बारा इंची टीव्हीवर एक इंच म्हणजे दीड मैलाचा वळसा, म्हणजे कड्यापर्यंत जाऊन यायचं अंतर जुळलं.

"अँटेना फिरवून सावली फिकी होते, पण सरकत नाही," तो म्हणाला. "ती सरकायची तर कड्यालाच चालत यावं लागेल."

क्राउदरबाई ऐंशीच्या पुढच्या, जिभेने तिखट. छपरावर ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, "एवढा वेळ तर माझं लग्न लागायलासुद्धा लागला नव्हता. मला एकच हवंय. मरायच्या आधी माणसाला एक नाक दिसू दे. इथे ज्याला त्याला दोन."

विलिस सहा वेळा गेला. सहाव्या खेपेला नोव्हेंबर होता आणि त्याची छाती भरली होती. शिडी पुरती उचलवेना. पुढचं टोक खांद्यावर आणि मागचं रस्त्यावरून ओढत, असा तो चढ चढला. सावली फिकी झाली, गेली नाही. त्यानंतर तो अंथरुणातून उठला नाही.

"बाईंचं काम राहिलं," तो म्हणाला. "दर गुरुवारी जाऊन बघत जा. स्वच्छ झालं की सांग. पण झालं तरच."

मी हो म्हटलं. दोन आठवड्यांनी, चॅपेलच्या मागे, त्याच खाणीच्या कड्याच्या पायथ्याशी त्याला मातीत ठेवलं. कोटाच्या खिशात मी त्याचा पाना घातला.

पुढच्या गुरुवारी स्कार टॉपला गेले. टीव्हीच्या दुकानांसाठी सकाळी मनोऱ्यावरून चाचणीचं चित्र दाखवतात, वर्तुळ आणि उभ्या रेघा. टेप लावली. सव्वा इंच. सवयीने खिडकी उघडली.

वर खांबावर दोनदा टकटक झाली.

वाऱ्याने वायर आपटली असेल. पण वायर दोनदा आपटून वाट बघत नाही. क्राउदरबाईंच्या विणायच्या सुया थांबल्या होत्या. मी माझ्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "अजून नाही." वर शांत झालं.

त्यानंतरच्या गुरुवारी सावली एका इंचावर होती.

टीव्हीच्या दुकानातला होरेस आता ही कामं बघतो. त्याला वर चढवलं. सगळे नट घट्ट होते, गंजसुद्धा जागचा हललेला नव्हता. अंतराचं ऐकून तो म्हणाला, "तुमची टेप ताणली गेली असणार, वहिनी." मी पोलादी पट्टी घेतली. पाऊण इंच. मग अर्धा. मी खिडकीतून बघितलं. कडा होता तिथेच होता. लाट ज्याच्यावर आपटून येत होती, ते मात्र आता घराजवळ आलं होतं.

दर खेपेला दोनदा टकटक, आणि माझं "अजून नाही".

"पोरी, म्हणून टाक 'आलं'," क्राउदरबाई एकदा म्हणाल्या. "गारठला असेल बिचारा."

"आलेलं नाही ना अजून."

"आणि येईल तेव्हा म्हणशील?"

मी पट्टी पिशवीत ठेवत राहिले. म्हटलं की तो उतरणार होता. उतरल्यावर मग टकटक कसली.

गेल्या गुरुवारी सावली केसाएवढी उरली होती. चष्मा पुसून दोनदा बघितलं. टकटक अगदी हलकी झाली. "अजून नाही," मी म्हणाले. ते खरं होतं, केसाएवढं खरं. त्या केसाचा मला आनंद झाला, आणि गुडघे टेकून त्या आनंदाची क्षमा मागितली.

आज मंगळवार. रात्रभर बर्फ पडलं. पहाटेचं स्तोत्र अर्ध्यात असताना दार वाजलं. स्कार टॉपहून उतरलेला दूधवाला होता.

"म्हातारीचा निरोप आहे. म्हणाली, एडनाला सांग, काल संध्याकाळपासून नाक एकच दिसतंय."

तो गेला. मी स्तोत्र शेवटपर्यंत वाचलं. चूल पेटवली नाही. पट्टी टेबलावरच राहू दिली, कोट घातला, मागच्या अंगणात आले.

विलिसची शिडी टांगायच्या भिंतीवरच्या खुंट्या रिकाम्या होत्या.

रस्त्यावर दूधवाल्याच्या बुटांचे ठसे उतरत आले होते. त्यांच्या शेजारून, आमच्या फाटकापासून निघून, दोन सरळ रेघा स्कार टॉपकडे चढत गेल्या होत्या. शिडी ओढत नेल्यावर उमटतात तशा.

त्या रेघांबरोबर चढत गेलेलं पाऊल एकही नव्हतं.

वारा पडला होता. आज "आलं" म्हणायला ओरडावं लागणार नव्हतं. रेघांवर पाय पडू न देता मी कडेकडेने चढू लागले.